लेहला चाललात? पहिले तीन दिवस चित्रं बघा

मार्च उजाडला की माझ्या ओपीडीत लेहच्या तिकिटांचा सीझन सुरू होतो. बीपीची गोळी लिहून होते, पेशंट दारापर्यंत जातो आणि तिथून वळून विचारतो, "डॉक्टर, जूनमध्ये लडाखला चाललोय. काही त्रास नाही ना होणार?" मग फोनवरचं टूरचं वेळापत्रक माझ्यापुढे येतं. पहिल्या दिवशी लेहला उतरायचं, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, तिसऱ्या दिवशी पँगाँगला मुक्काम. आणि अगदी शेवटी, परतीच्या आदल्या दिवशी, "वेळ मिळाल्यास" अलची, लिकीर, बाजारात खरेदी.

मी त्यांना सांगतो, हे वेळापत्रक उलटं करा. कलाकुसर आधी, उत्सव मध्ये, डोंगरातली धमाल शेवटी. हे मी कलेच्या प्रेमापोटी सांगत नाही (तेही आहेच थोडं), तुमच्या फुप्फुसांसाठी सांगतोय.

आधी उंचीचा हिशोब करू. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी लेह शहर वरच उरतं, ते सुमारे ३,५०० मीटरवर आहे. खारदुंगला ५,३५९ मीटर. पुण्याचा माणूस सकाळी दिल्लीहून विमानात बसतो आणि सव्वा-दीड तासात दोन कळसूबाई चढून उतरतो, तेही खुर्चीत बसून. शरीराला काही कळायच्या आत.

"तिथे हवेत ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो. खरं तर प्रमाण तेच असतं, २१ टक्के. कमी असतो तो हवेचा दाब, लेहमध्ये साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन तेवढाच कमी होतो. यावर शरीराचा पहिला उपाय म्हणजे जोरात आणि भरभर श्वास घेणं. पण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला ब्रेक लावतो. तो ब्रेक सोडवण्याचं काम मूत्रपिंडं करतात. जास्तीचं बायकार्बोनेट लघवीतून टाकतात, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी वारंवार लघवीला जावं लागलं तर घाबरू नका, काम चालू आहे असं समजा. रात्री नवऱ्याचा श्वास मध्येच थांबतो आणि मग मोठा उसासा येतो, हेही त्याच ओढाताणीतून होतं. बायका घाबरून उठवतात. झोपू द्या त्यांना.

तर हे दोन-तीन दिवस शरीराला द्यायचे आहेत. प्रश्न असा, की दहा दिवसांची रजा काढून गेलेला मराठी माणूस तीन दिवस हॉटेलात पडून राहील का? नाही राहणार. पैसे वसूल व्हायला हवेत! म्हणूनच मी चित्रं बघायला सांगतो.

पहिला दिवस मात्र खरंच झोपून काढा. दुसऱ्या दिवशी लेहचा बाजार, तोही रमतगमत. राजवाडा नऊ मजली आहे आणि खालून फार सुंदर दिसतो. त्या दिवशी खालूनच बघा. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या प्रवाहाबरोबर खाली, अलचीला जा. अलची लेहपेक्षा तीन-चारशे मीटर कमी उंचीवर आहे, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या ती चक्क सवलत आहे. विमानतळावरून थेट तिकडे जाऊन पहिल्या दोन रात्री तिथेच काढल्यात तर माझी काहीच हरकत नाही.

मी घरच्यांना घेऊन गेलो तेव्हा असंच केलं. अलचीच्या तीन मजली सुमत्सेक मंदिरात आत फोटो काढायला बंदी आहे, आणि ते एक बरंच आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने वही काढली. आत अंधार, डोळे सरावायला पाच मिनिटं जातात. मग मातीच्या, दोन माणसांहून उंच अशा तीन मूर्ती दिसायला लागतात. त्यांची धोतरं बघा. अवलोकितेश्वराच्या धोतरावर इवलेइवले राजवाडे आणि मंदिरं, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं, काश्मिरी वळणाचं हे काम आहे. अजिंठा बघितलेल्या माणसाला ते डोळे, त्या बोटांच्या मुद्रा अनोळखी वाटत नाहीत. मुलीने बाहेर जर्दाळूच्या झाडाखाली बसून आठवणीतून दीड तास ते राजवाडे काढले. त्या दीड तासात आम्ही सगळे एका जागी बसलो, पाणी प्यायलो, कुणी धावलं नाही. विरळ हवेतल्या तिसऱ्या दिवसाला याहून चांगलं औषध मला माहीत नाही.

जवळच लिकीर आहे, मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. झंस्कारच्या काठी चिलिंग आहे, तिथले कारागीर तांब्या-चांदीच्या किटल्या घडवतात. शे इथली बुद्धमूर्ती घडवायला नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे ते वंशज, असं सांगतात. सतराव्या शतकातली गोष्ट.

आमच्याच गेस्टहाऊसमध्ये एक ग्रुप उतरला होता. त्यातला एक तरुण, पस्तिशीचा, हाफ मॅरेथॉन धावणारा. दुसऱ्याच दिवशी खारदुंगला झाला, संध्याकाळी डोकेदुखी, तिसऱ्या दिवशी कोरडा खोकला. टूरवाल्याने सांगितलं, थंडीचा आहे, कापूर हुंगा. रात्री अडीच वाजता त्याच्या बायकोने आमचं दार वाजवलं. "डॉक्टर, जरा येता का? ह्यांना बसल्या जागी धाप लागलीय." तो उशीला टेकून बसला होता, ओठ निळसर, मिनिटाला चौतीस श्वास. स्टेथोस्कोप नव्हता, पाठीला कान लावला तर केस चोळल्यासारखा आवाज येत होता. फुप्फुसात पाणी झालं होतं. गेस्टहाऊसच्या मालकांनी गाडी काढली, हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लागला, सकाळपर्यंत ओठांचा रंग परत आला. आणखी चार तास ते लोक सकाळ व्हायची वाट बघत बसले असते तर काय झालं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो: अशाने माणसं दगावतात, आणि त्यात धडधाकट तरुण असतात.

कारण फिटनेसचा इथे उपयोग नाही. उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी जास्त चढतो.

नुसती डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, चक्कर हे सौम्य प्रकरण. पहिल्या रात्रीपर्यंत सुरू होतं, विश्रांतीने एक-दोन दिवसांत उतरतं. तोवर आणखी वर जायचं नाही, एवढंच. पण बसल्या जागी धाप लागली, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येईना, तर सकाळची वाट बघू नका. एरवी डोंगरात नियम असा की ताबडतोब खाली उतरा. लेहची अडचण ही, की रस्त्याने खाली यायचं तर मनाली असो की श्रीनगर, आधी उंच खिंडी चढाव्या लागतात. म्हणून लेहमध्ये असाल तर पहिलं काम हॉस्पिटल आणि ऑक्सिजन.

आता कापराबद्दल. पुरचुंडी गळ्यात बांधून फिरणारे खूप दिसतात. कापराने नाकातल्या थंडाव्याच्या नसा चेतवल्या जातात, मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन तसूभर वाढत नाही. आणि लहान मुलाने ती वडी तोंडात टाकली तर फिट येऊ शकते. मुलांच्या गळ्यात तर मुळीच बांधू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. लेहमध्ये नव्याने आलेल्या चांगल्या माणसाचा आकडा ८५ ते ९० असू शकतो. दर दहा मिनिटांनी बघून घरभर घबराट करू नका, माणसाकडे बघा.

अ‍ॅसिटाझोलामाईडची गोळी उपयोगी आहे, ती मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करून घेते. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच. पहिल्या रात्री दारू नको, झोपेची गोळी नको.

उत्सवाचं म्हणाल तर हेमिसचा त्सेचू जून-जुलैत येतो. तारीख तिबेटी पंचांगावर असते, तिकीट काढण्याआधी बघून घ्या. दोन दिवस अंगणात मुखवट्यांचं छम नृत्य चालतं आणि चांगली जागा हवी तर तासन् तास उन्हात बसावं लागतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्याने भाजतंय हे कळत नाही. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पाण्याची बाटली. चौथ्या-पाचव्या दिवशी हेमिस आलं तर उत्तम.

त्यानंतर पँगाँग, नुब्रा, राफ्टिंग, काय हवं ते करा. मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढू नये असा ठोकताळा आहे. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर आहे, म्हणून तिथे राहायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि एकच रात्र.

विदर्भ आणि नंदुरबारकडच्या माझ्या वाचकांना वेगळं सांगतो: घरात कुणाला सिकलसेल असेल तर स्वतःची तपासणी करून घ्या. नुसता वाहक असलेल्यालाही एवढ्या उंचीवर प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, दम्याचा जोर असलेले आणि गरोदर बायका, यांनी तिकीट काढण्याआधीच भेटा.

आणि भेटायला येताना फाइलबरोबर ते टूरचं वेळापत्रकही आणा. निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी. मी पहिल्यांदा दुसऱ्या दिवसाचा रकाना वाचणार आहे.