मावळत्या नजरेबरोबर

रेटिनायटिस पिगमेंटोझा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आहे. जगात साधारण चार हजारांमागे एकाला तो होतो. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी, अंधुक उजेडात पाहणे आणि कडेची हालचाल टिपणे हे त्यांचे काम. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख, त्यांची दाटी मध्यभागी असते आणि रंग व बारकावे त्या ओळखतात. या आजारात आधी दंडाकार पेशी मरू लागतात, त्यामुळे नजर एकदम जात नाही. पहिल्यांदा रात्र जाते, मग कडा जातात, मधला तुकडा बहुधा शेवटपर्यंत टिकतो. या साऱ्याला कित्येकदा तीसचाळीस वर्षे लागतात. प्रस्तुत लेखक या वाटेने गेला आहे आणि पुढचे विवेचन त्याच्या स्वतःच्या अनुभवावर उभे आहे.

आजाराची पहिली खूण दिवेलागणीच्या वेळी दिसते. सातारा जिल्ह्यातल्या गावात लेखकाचे बालपण गेले. संध्याकाळी त्याला चेंडू दिसेनासा होई, तेव्हा बाकीच्या मुलांचा डाव रंगात आलेला असे. पंगतीत वाढताना शेजारच्या पानावर पाय पडे आणि मोठी माणसे वेंधळेपणाबद्दल बोलत. घरच्यांनी रातांधळेपणा ओळखला आणि गाजर, शेवग्याचा पाला, पालेभाज्या यांचा मारा सुरू केला. त्यात त्यांचे काही चुकले नाही. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे येणारा रातांधळेपणा योग्य आहाराने आणि औषधाने खरोखर बरा होतो. जनुकातला दोष मात्र आहाराने भरून निघत नाही. नोकरी लागल्यावर दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली, दृष्टिपटलावरचे काळे डाग दिसले आणि आजाराचे नाव कळले.

निदानाचा पहिला घाव रोग्याला न बसता त्याच्या आईला बसला. लेखकाचे आईवडील आतेमामे भावंडे. महाराष्ट्रात असे विवाह पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. आजाराच्या अप्रभावी प्रकारात आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, दोघांचे डोळे उत्तम असतात, आणि प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. डॉक्टरांनी हे समजावल्यावर आई कितीतरी दिवस एकच वाक्य बोलत राहिली, ‘आमच्या लग्नापायी तुझे डोळे चालले.’ ते लग्न झाले नसते तर डोळे राहोत, मुलगाच नसता, हे लेखकाचे उत्तर तिला लगेच पटले नाही. पुढे पटले. या आजारात घरातल्या कुणाला तरी दोषी धरण्याची ओढ फार मोठी असते, आणि ती जितकी लवकर सुटेल तितके सगळ्यांचे आयुष्य हलके होते.

यानंतरची काही वर्षे बहुतेक कुटुंबांत औषधे, काढे, नवस आणि नव्या नव्या डॉक्टरांचे पत्ते यांत जातात. लेखकाच्या घरीही तेच झाले. वळण आले ते एका नेत्रतज्ज्ञ बाईंच्या सरळ बोलण्याने. किती नजर किती वर्षे राहील हे सांगता येणार नाही, पण उजेड आहे तोवर जे शिकायचे ते शिकून घ्या, असे त्या म्हणाल्या. आनंदाने जगायचे ठरवणे म्हणजे काय, हे लेखकाला त्या दिवशी पहिल्यांदा नेमके समजले. मन प्रसन्न ठेवा हा उपदेश त्याने पुष्कळांकडून ऐकला होता. त्याचा उपयोग झाला नव्हता, कारण त्यात करण्यासारखे काही नव्हते. शिकणे ही करण्यासारखी गोष्ट होती.

पहिले शिक्षण पांढऱ्या काठीचे. आज जगभर शिकवली जाणारी लांब काठीची पद्धत अमेरिकेतल्या रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी बसवली. काठी शरीराच्या मधोमध धरायची, खांद्यांपेक्षा किंचित रुंद कमान घेत डावीउजवीकडे टेकवायची. ‘सर, काठी डावीकडे टेकली की उजवा पाय पुढे,’ असे शिकवणारा तरुण पुन्हा पुन्हा सांगे. तो स्वतः जन्मांध होता. पुढचा पाय जिथे पडणार ती जागा काठी आधीच तपासून ठेवते, एवढेच त्यातले तत्त्व. ते अंगात मुरायला महिने लागतात. एकदा मुरले की पावलाला जमिनीबद्दल खात्री वाटू लागते, खांदे सैल होतात आणि चालता चालता दुसऱ्या कशाचा तरी विचार करता येतो. जगण्यावर विश्वास ठेवावा असे लोक म्हणतात. लेखकाच्या बाबतीत तो विश्वास तळपायातून वर आला.

काठी हातात घेतल्यावर एक विचित्र अडचण येते. नळीतून पाहावे तशी नजर झालेल्या माणसाला वर्तमानपत्राची बारीक अक्षरे वाचता येतात, पण समोरचा खांब दिसत नाही. मांडीवर पांढरी काठी ठेवून एसटीत पेपर वाचणारा माणूस लोकांना सोंगाडा वाटतो. असे टोमणे लेखकाने ऐकले आहेत. कायद्याला मात्र हा विरोधाभास ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी झाले तर ती व्यक्ती अंध मानली जाते, मग मधल्या तुकड्यातून कितीही बारीक दिसो.

हाच कायदा नोकरीतही आधाराला आला. लेखक एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होता. दृष्टी कमी झाल्याचे कळताच व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीचा आग्रह सुरू केला. अधिनियमाच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. तो त्या पदाला योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही यात येतात. हे लेखी मांडल्यावर आग्रह थांबला. लेखकाला दुसऱ्या पदाची गरजही पडली नाही. फळ्यावर मुलेच लिहू लागली, हजेरीला प्रत्येक जण स्वतःचे नाव सांगू लागला, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गातले सगळे आवाज नावानिशी ओळखीचे झाले. डोळे शाबूत असतानाच्या वर्षांत मागच्या बाकांवरची मुले लेखकाच्या इतकी जवळ कधीच आली नव्हती.

वाचन सुटेल ही भीती शिक्षकाला सर्वांत मोठी वाटते. संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतली. ती आजही विनामूल्य मिळते आणि मराठी वाचते. फोनवर हेच काम टॉकबॅक करते. सुरुवातीला तो यांत्रिक आवाज कानाला खुपतो, नंतर ऐकणाऱ्याचे लक्ष मजकुरात जाते आणि आवाज जाणवेनासा होतो. युनिकोडमधला मजकूरच या प्रणालींना नीट वाचता येतो. जुन्या फाँटमध्ये टंकलेली परिपत्रके वाचताना त्या निरर्थक अक्षरे बरळतात, आणि छायाचित्र म्हणून पाठवलेला कागद बहुधा मुका राहतो. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने युनिकोड वापरला तर हजारो वाचक एका दिवसात स्वावलंबी होतील, असे लेखकाला मनापासून वाटते.

दृष्टी जाताना अंधारच येतो असेही नाही. मरणाऱ्या पेशींमुळे डोळ्यांपुढे ठिणग्या आणि लुकलुक चालू राहते. काहींना जाळीदार नक्ष्या किंवा नसलेली माणसे दिसतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशा अनुभवाची नोंद केली, म्हणून त्याला बॉने लक्षणसमूह म्हणतात. दृष्टीचे संदेश येईनासे झाले की मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. वेड लागल्याच्या धास्तीने कित्येक जण हे घरी बोलत नाहीत. लेखकाच्या जाळ्या रात्री अधिक दिसत. कारण कळल्यावर त्या तशाच दिसत राहिल्या, धास्ती मात्र गेली.

नजर आहे तोवर काय पाहून घ्यावे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. लेखक पावसाळ्याच्या शेवटी कास पठारावर गेला. सोबतचे लोक फुलांचे गालिचे पाहून थक्क होत होते. त्याला गालिचा दिसत नव्हता, कारण तेवढे क्षेत्र नजरेत मावत नव्हते. दिसत होते ते एकेक फूल, त्याच्या पाकळीवरचे दव, त्यावर बसलेला एक किडा. एका जागी तो इतका वेळ रेंगाळला की मुलगी शोधत आली. ‘बाबा, पुढे याहून जास्त आहेत,’ ती म्हणाली. जास्तीची ओढ त्या दिवशी गेली होती आणि ती पुन्हा फारशी आली नाही. आता तो पठारावर जातो तेव्हा मुलगी सांगते आणि तो ऐकतो. तिच्या सांगण्यात रंग कमी आणि फुलांचे आकार जास्त असतात, हे तिचे तिनेच ठरवले आहे.

दुसऱ्यावर विसंबण्याचीही एक रीत असते. मदत करणाऱ्याने हात धरून ओढले तर अंध माणसाचा तोल जातो. मदत घेणाऱ्याने सोबत्याच्या कोपराच्या किंचित वर धरून अर्धे पाऊल मागे चालावे, म्हणजे चढउतार त्याच्या दंडातून कळतात. साताऱ्याच्या स्टँडवर अनोळखी माणसांना हे शिकवताना लेखकाला कधी नकार मिळाला नाही. पदपथावर आडव्या लावलेल्या मोटारसायकली मात्र रोज मिळतात. दुखऱ्या नडग्यांचा संताप येतो, नातीचा चेहरा पाहता येत नाही याचे दुःख कमी झालेले नाही, आणि ते कमी झाल्याचे भासवण्याची गरजही नाही. आनंदाने राहायचे ठरवलेल्या माणसाच्या घरातही ते दुःख राहते. कामे आणि माणसे पुरेशी असली की त्याला दिवसभराची सगळी जागा मिळत नाही, हे लेखकाने प्रत्यक्ष पाहिले आहे.

उपचारांची स्थिती अशी. ८० हून अधिक जनुकांतले दोष या आजाराशी जोडलेले आहेत. त्यांपैकी आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. बाकी बहुतेकांसाठी संशोधन चालू आहे. या आजाराबरोबर येणारा मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज यांवर मात्र आजही इलाज होतो, म्हणून दरवर्षीची तपासणी सोडू नये. घरात कुणाला संध्याकाळी धडपडायला होत असेल तर त्याचे आणि त्याच्या भावंडांचे दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे, आणि निदान झाले तर नजर पूर्ण जाण्याची वाट न पाहता काठी शिकायला सुरुवात करावी.