जलंबचा फाटा आणि मशीद बंदर

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापूर गाठावे तेव्हा मुंबई-नागपूर मार्ग भेटतो. पुढे नांदुरा, मग जलंब. जलंबहून खामगावला 1870 साली फाटा काढला तो कापसासाठी. खामगावच्या गाठी मुंबईच्या गोदीत आणि तिथून जहाजाने विलायतेला जात. समुद्राशी आपल्या जिल्ह्याचा व्यवहार असा जुना. 1918 मध्ये त्याच रुळांवरून इन्फ्लुएंझा उलट दिशेने आला.

त्या जूनमध्ये मुंबईत आधी आजारी पडले ते पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी जहाजाच्या खलाशांकडे बोट दाखवले. हिंदुस्थान सरकार म्हणाले, खलाशांनाच मुंबईत लागण झाली. या भांडणात खलाशाला तोंड नव्हते.

हे खलाशी कोण? त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे आपले कोकणी मुसलमान भाऊ पुष्कळ. डेकवर खलाशी, त्यांच्यावर टंडेल, त्याच्यावर सारंग. दाटीवाटीने झोपायची जागा. एकाला ताप आला की शेजारच्याला चुकत नसे. किनारा दूर असताना कोणी गेला, तर गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, आणि मय्यतीला वजन बांधून पाण्यात सोडणे. कबर नाही.

मुंबईला गेलो तेव्हा आम्ही मुद्दाम मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होमकडे वळलो. पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. पण नाव लागण्याचा नियम ऐकण्यासारखा आहे. सरकारी रॉयल इंडियन मरीनमधला माणूस नोकरीत असताना तापाने गेला तरी चालते. व्यापारी जहाजावरच्याचा मृत्यू मात्र युद्धामुळेच झालेला हवा. पाणतीराने जहाज बुडाले तर नाव आहे. त्याच जहाजावर, त्याच युद्धात, इन्फ्लुएंझाने गेला तर नाही. आम्हाला हा हिशेब पटत नाही. युद्ध नसते तर तो त्या गर्दीच्या जहाजावर, त्या बंदरात असता का?

वऱ्हाडात तर नावांचा प्रश्नच आला नाही. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते, आणि कापूस वेचणीच्या तोंडावर साथीची दुसरी, जास्त घातक लाट आली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त पोळलेल्या भागांपैकी एक. मलकापूर-खामगावकडच्या कब्रस्तानांत कच्च्या कबरी जमिनीत मिसळून जातात. कोणती कोणाची, हे दोन पिढ्यांनंतर सांगता येत नाही.

एक फरक मात्र आहे. कोकणातले मुसलमान शाफई. लांब मेलेल्या माणसाची गायबाना नमाज त्यांच्यात पढता येते. बातमीचे पत्र महिन्यांनी आले तरी गावची जमात त्या खलाशासाठी सफा धरून उभी राहू शकते. आपण वऱ्हाडातले बहुतेक हनफी. आपल्याकडे मय्यत समोर नसेल तर फक्त दुआ.