आंबेगाव आणि 'इंडियन ओशन'

आमचा तालुका आंबेगाव, पण आंबेगाव गाव मात्र डिंभे धरणाच्या पाण्याखाली! आजीचं शेतही तिथंच बुडालं.

म्हणूनच १९९० पासूनचा 'इंडियन ओशन' हा बँड मला जवळचा वाटतो. त्यातला राहुल राम नर्मदा आंदोलनात होता. त्या खोऱ्यातलं 'मा रेवा' त्यांनी २००० च्या 'कंदिसा'त घेतलं. २००९ साली असीम चक्रवर्ती गेले, २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले, तरी २०२३ ला 'तू है' आलाच.

जुन्नरचा रूममेट म्हणतो, "पहिल्यासारखी मजा नाय राव!" नसेल. पण माणसं गेली तरी गाणं थांबलं नाही ना?

आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, त्या बुडालेल्या गावातल्या. आमच्या घरात त्या आणखी कुणालाच येत नाहीत. या सुट्टीत तिला 'मा रेवा' ऐकवणार, आणि वही घेऊन समोर बसणार.