वाट्याला ४३ सेकंद

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने कान कापला, हयातीत त्याची चित्रं जवळपास विकलीच गेली नाहीत आणि ३७व्या वर्षी तो गेला, एवढं बहुतेकांना माहीत असतं. अर्व्हिंग स्टोनची त्याच्यावरची कादंबरी माधुरी पुरंदरे यांच्या मराठी अनुवादातून वाचलेली पिढी तर त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखी बोलते. म्हणून हडपसरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'लव्हिंग व्हिन्सेंट' लावायचं ठरलं, तेव्हा अनेकांनी 'गोष्ट ठाऊक आहे की' म्हणत अंग काढून घेतलं. जे आले, त्यांची तोंडं बघायला मी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो.

पहिल्या काही मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. डोरोटा कोबिएला आणि ह्यू वेल्शमन यांच्या २०१७च्या या चित्रपटात एकही गोष्ट स्थिर राहत नाही. आभाळ वळवळतं, कोटाच्या पिवळ्या रंगातले फटकारे हलतात, गालावरची सावलीसुद्धा थरथरते. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि शेजारणीला म्हणाल्या, "डोकं गरगरतंय गं." व्हिन्सेंटच्या आठवणींचे प्रसंग कृष्णधवल आहेत. ते आले की आजी सावरून बसायच्या.

चहासाठी सिनेमा मध्येच थांबवला आणि गप्पांना तोंड फुटलं. ॲनिमेशन शिकणाऱ्या एका मुलीने माहिती पुरवली. आधी खऱ्या नटांना घेऊन चित्रीकरण झालं, मग त्यावरून सुमारे १२५ चित्रकारांनी कॅनव्हासवर तैलरंगात जवळपास ६५,००० फ्रेम रंगवल्या. बरंचसं काम पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात झालं. पडद्यावरच्या एका सेकंदाला १२ चित्रं. तिच्या मित्राने लगेच नाक मुरडलं, "नट होतेच, तर गिरवण्यात काय विशेष?"

उत्तर पेंटरकाकांनी दिलं. हडपसरात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात आणि इथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्या सोहळ्याच्या स्वागतकमानी काका वर्षानुवर्षं रंगवत आले. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम आटलं, हात मात्र अजून तयार आहे. त्यांना गोष्टीत फारसा रस नव्हता. "फ्रेम झाली की फोटो काढायचा आणि त्याच कॅनव्हासवरचा ओला रंग खरवडून पुढची काढायची, असंच ना?" मुलीने मान डोलावली. "मग आदलं चित्र गेलंच की! अन् रंग वाळू द्यायचा नाही, मातकटही होऊ द्यायचा नाही. करून बघ एकदा, मग गिरवणं म्हण."

मोबाइलवर आकडेमोड झाली. सारखी वाटणी धरली तर एका चित्रकाराच्या वाट्याला ५२० फ्रेम, म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. काका बराच वेळ तो आकडा इतरांना सांगत फिरले.

उत्तरार्धात वादाचा विषय बदलला. पोस्टमनचा मुलगा आर्मां रूलँ व्हिन्सेंटचं शेवटचं पत्र घेऊन निघतो आणि जुलै १८९०मध्ये ओव्हेर गावात नेमकं काय घडलं याचा माग काढू लागतो. व्हिन्सेंटचा जीव घेणारी गोळी त्याने स्वतः झाडली की दुसऱ्या कोणी? २०११मध्ये आलेल्या नायफे आणि स्मिथ यांच्या चरित्राने हा संशय जोरात मांडला होता. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातले अभ्यासक मात्र आत्महत्येच्याच बाजूचे आहेत. आयटीतल्या मंडळींना हा तपास रंगतदार वाटला. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक वैतागले, "ज्याने दहाएक वर्षांत आठशेच्या वर तैलचित्रं केली, त्याचं काम सोडून तुम्ही पिस्तूल शोधताय!"

एका ताईंना दोन्ही बाजू पटल्या नाहीत. त्यांच्या घरात मानसिक आजारपण आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या थिओबद्दल बोलल्या. वर्षानुवर्षं पैसे पाठवणारा, पत्रांना उत्तरं देणारा हा धाकटा भाऊ व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत गेला. "सांभाळणाऱ्याचं काय होतं, ते या सिनेमात दोन वाक्यांत उरकलंय," त्या म्हणाल्या. त्यावर कोणी युक्तिवाद केला नाही. शिक्षकांनी तेवढं विचारलं, थिओची पत्रं वाचायला आणून देऊ का. त्या 'हो' म्हणाल्या.

श्रेयनामावली सुरू होताच खुर्च्या सरकू लागल्या. काकांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. चित्रकारांची नावं वर सरकत होती आणि ते ती उच्चार चुकवत, मोठ्याने वाचत होते.

पुढच्या वेळी गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ' लावावा, असं त्या मुलीने सुचवलं. मुंबईच्या रस्त्यावरची प्रेमकथा, २०१९मध्ये व्हेनिसला दाखवलेली, आणि हीही फ्रेम न फ्रेम हाताने रंगवलेली, फक्त संगणकावर.

"संगणकावर म्हणजे हाताने कशी?" काकांनी अडवलं. मुलीने पिशवीतून पेन-टॅब्लेट काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी सवयीने आधी पेनाचं टोक अंगठ्यावर घासून पाहिलं आणि मग एक वेलांटी ओढली. "चालतंय," ते म्हणाले, "पण रंगाला वास नाही."