कार्टूनआधीचा हातोरी

आमच्या पिढीला निन्जा हातोरी आधी कॅसेटमध्ये भेटला, टीव्हीवर बऱ्याच वर्षांनी. नव्वदच्या दशकात ठाणे-डोंबिवलीच्या घरांत जो व्हिडिओ गेम यायचा, तो जपानच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं, आत गेम मात्र मोजकेच, तेच ते पुन्हा. मारिओ, काँट्रा, सर्कस यांच्या गर्दीत एक निळ्या कपड्यांतला बुटका निन्जा असायचा. उड्या मारत, चांदण्या फेकत पुढे पळायचा. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही.

परीक्षा संपली की कल्याणची मावसभावंडं राहायला यायची. नियम एकच: मेलास की रिमोट दुसऱ्याकडे. “दादा, चीटिंग नको, मेलायस तू!” यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी पुढे वाटणीवरूनही झाली नाहीत. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. ‘पिक्चर ट्यूब जाईल’ ही बाबांची कायमची धमकी. आमच्या ओळखीत कुणाची गेली नाही, अडॅप्टर मात्र पटापट जळायचे. आई संध्याकाळच्या लोकलने यायची, पर्स ठेवायच्या आधी टीव्हीच्या पाठीला हात लावायची. गरम लागला की दुपारचा सगळा हिशेब बाहेर.

हातोरीच्या गेममध्ये एक मजा होती. मध्येच एक मोठा निन्जा येऊन नळ्यांसारखं काहीतरी भिरकवायचा, त्यातच लोखंडी वजनंही. नळ्या झेलायच्या, लोखंड चुकवायचं. त्या वेडेपणाचा अर्थ लागला तो घरातली भाचरं हिंदीतला हातोरी बघू लागल्यावर. तो निन्जा म्हणजे हातोरीचा बाप, आणि नळ्या म्हणजे चिकुवा, त्याच्या शिशीमारू कुत्र्याचा आवडता माशाचा खाऊ! फुजिको फुजिओ ‘ए’ यांची चित्रकथा १९६४ ची, तिच्यावरची अॅनिमे मालिका १९८१ ची, आणि हडसन सॉफ्टचा हा गेम १९८६ चा. आमच्या हाती आला तेव्हाच तो जुना झाला होता.

खेळ म्हणून काँट्रा सरस, हे मान्यच. तो दोघांना एकदम खेळता यायचा. ज्या घरात रिमोट दोन आणि पोरं सहा, तिथे एकट्याने पळणारा हातोरी मागे पडणारच.