रंगाचा डबा आणायच्या आधी

पुणे

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी घर आवरताना 'हवी त्याने न्यावी' अशी चिठ्ठी लावून जिन्यात ठेवलेली खुर्ची तू वर घेऊन आलीस, हे फार छान केलंस. तिकडे जर्मनीत लोक चांगलं सामान असं दाराबाहेर ठेवतात, हे तू मागे लिहिलं होतंस. आता तू विचारतेस, तिला पिस्ता रंग देऊ की निळा? अगं, ते सगळ्यात शेवटी. जुन्या लाकडी सामानाला नवं रूप द्यायचं म्हटलं की जो तो आधी रंगाच्या दुकानात जातो. माझं मत उलटं आहे. आधी वस्तू ओळखायची, मग ती घट्ट करायची आणि त्यानंतर तिला रंग हवा आहे का, ते ठरवायचं. पुष्कळदा तो नकोच असतो.

तर आधी ओळख. तुझ्या खुर्चीची पाठ आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच वळवलेली काठी आहे, फोटोत अगदी स्पष्ट दिसतं. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं, ही पद्धत मिखाएल थोनेटने पक्की केली. हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म 1796 चा, पुढे व्हिएन्नाला गेला. 1859 मध्ये निघालेली त्याची 14 नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी आपण ज्या खुर्च्यांवर बसून बनमस्का खायचो, त्या याच घराण्यातल्या. तुझी मूळ थोनेटची आहे की दुसऱ्या कुणा कारखान्याची, ते ती उलटी केल्यावर कळेल. बैठकीच्या गोल कड्याच्या आतल्या अंगाला कागदी लेबल किंवा लाकडात उमटवलेला शिक्का शोध. सापडला, तर तिला रंग लावायचा विचारही सोड. मूळ पॉलिशसकट अशा खुर्चीचं मोल असतं, रंगवली की ते उतरतं.

खुर्ची डुगडुगते म्हणतेस, त्याची काळजी करू नकोस. ही जात स्क्रूंवर उभी असते, तेव्हा आधी सगळे स्क्रू आणि नट आवळून बघ. एखादा स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याचं भोक मोठं झालंय. काडेपेटीच्या काड्यांची डोकी मोडून टाक, काड्यांना गोंद लावून त्या भोकात ठोक, पूर्ण वाळू दे आणि मग स्क्रू पीळ. पकड येते.

पुढेमागे दुसऱ्या कुठल्या खुर्चीला हात घातलास तर तिथे सांधे सरसाने चिकटवलेले असतील. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा जुना सरस गरम पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ होतो. तो पुरता खरवडून काढल्याशिवाय नवा गोंद घालायचा नाही. आपल्या फेविकॉलसारखा पांढरा गोंद लाकडात मुरला तरच धरतो. जुन्या सरसाच्या थरावर घातला तर सांधा चार दिवसांत पुन्हा हलायला लागतो. आमचे सुतारकाका अशा वेळी शिकंजेसुद्धा वापरत नाहीत. चारी पायांभोवती सुतळीचे वेढे घेतात, त्यात एक काठी घालून पीळ देतात, काठी आडव्या दांडीला अडकवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खुर्चीला कुणाला हात लावू देत नाहीत. ही युक्ती तुला तिथे पाचव्या मजल्यावरही जमेल, हत्यारांचं दुकान शोधायला नको.

आता बैठकीचा वेत. माझ्या मते या खुर्चीचा जीव त्याच्यात आहे. नुसता झोळ पडला असता तर काम सोपं होतं. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्यात भिजवलेलं फडकं वेतावर ठेवायचं, वेत चांगला ओला झाला की रात्रभर वाळू द्यायचा. वाळताना तो आखडतो आणि बैठक ताणली जाते. खालचीच बाजू भिजवायची, कारण वरची चकचकीत साल पाणी शोषत नाही. पण तुझ्या फोटोत कोपऱ्यातला वेत तुटलाय, म्हणजे वीण नव्याने घालावी लागणार. कड्याला ओळीने भोकं असली तर ती हातविणीची बैठक. भोकांऐवजी सलग खाच असेल तर कारखान्यात विणलेली जाळी खाचेत दाबून वरून वेताची पट्टी बसवलेली असते. तशी तयार जाळी विकत मिळते आणि बसवायला सोपी असते. हातविणीत दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरके, आणि वेत भिजवून घेतल्याशिवाय वाकवायचा नाही. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांमधल्या कितीतरी खुर्च्या अंध कारागिरांनी विणलेल्या आहेत. ताण किती द्यायचा हे बोटांनाच कळतं, म्हणून मला वाटतं तूही हे शिकशील. विणायला सवड नसेल तर बैठकीच्या मापाचं प्लायवूड काप, त्यावर पातळ गादी घालून खणाचं कापड चढव आणि कड्याच्या जुन्या भोकांतूनच दोरीने बांध. अशा खुर्च्या प्लायवूडच्या बैठकीच्याही निघत, त्यामुळे ते विजोड दिसणार नाही. मात्र कड्याला नवीन भोकं पाडू नकोस आणि खिळे तर मुळीच ठोकू नकोस. उद्या तुझ्या लेकीला वेत परत घालावासा वाटला तर वाट मोकळी राहिली पाहिजे.

एवढं झालं की मग वरचा थर. आधी सौम्य साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून बघ. लाकूड काळं पडलं असं आपण म्हणतो तो अनेकदा मळ असतो. मग एखाद्या आडजागी स्पिरिटचा बोळा टेकव. थर चिकट होऊन कापसाला लागला तर ते लाखेचं पॉलिश, ज्याला आपले सुतार स्पिरिट पॉलिश म्हणतात. ते खरवडावं लागत नाही, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात त्यावरच देता येतात, नवा हात जुन्यात मिसळून जातो. ही लाख झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतली, कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवर किडे ती तयार करतात. हवा दमट असताना पॉलिशला बसू नकोस, थर पांढुरका पडतो. इथे पुण्यात मी पावसाळ्यात हे काम काढत नाही. पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो म्हणून त्याला रंधाही मारत नाही, कारण फुगलेलं लाकूड हिवाळ्यात आपलं आपण उतरतं आणि मग ड्रॉवर ढिला होतो. घासणाऱ्या कडांना मेणबत्ती चोळली की पुरतं.

एक मात्र लक्षात ठेव. जवसाचं तेल लाकडाला फार छान लागतं, पण तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम झालं की मोकळ्या हवेत पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव.

लेकीच्या खोलीतल्या कपाटाबद्दल तू विचारलंस. ते वरून लाकडासारखं दिसणारं पार्टिकल बोर्ड आहे, भुसा आणि गोंद दाबून केलेलं. ते घासलंस तर वरचा कागद फाटेल, पाणी लागलं तर फुगेल. शिकायला ते घेऊ नकोस, मुठी बदल आणि सोडून दे. त्यापेक्षा त्या आजींकडचं रंगवलेलं छोटं स्टूल घे. फक्त जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, कारण जुन्या रंगांत शिसं असायचं. तिकडचं मला ठाऊक नाही, पण आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगावर विसंबता येत नाही. लेक घरात नसताना, मास्क लावून, ओल्या पॉलिशपेपरने घास आणि फरशी ओल्या फडक्याने पूस. उघडं लाकूड आलं की 120, 180, 240 नंबरचे पॉलिशपेपर अशा क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. स्टूलवर हवा तो पिस्ता लाव, तिथे मला काहीच म्हणायचं नाही.

माझ्याकडे सध्या पेठेतल्या पाडलेल्या वाड्यातून आलेली फडताळाची दारं आहेत. रंगाच्या थरांखाली सागवान निघालं, आणि ते पाहिल्यावर पुन्हा रंग लावायला मन धजेना. त्यांची बैठकीच्या खोलीत पुस्तकांची कपाटं करतेय, दारं न कापता, बिजागऱ्यासुद्धा त्याच. हल्ली शिलाई मशीनचे लोखंडी पाय काढून त्यावर फळी टाकून टेबल करायची टूम निघाली आहे. मशीन बंद पडलेलं असेल तर करावं. पण चालतं मशीन मोडून टेबल करणं मला पटत नाही. एक उपयोगी वस्तू घालवून आपण दुसरी करतो, त्यात वाढलं काय?

बरं, आता तुझं काम. खुर्ची उलटी करून कड्याच्या आतल्या बाजूचे फोटो दिवसाच्या उजेडात काढ. भोकं असली तर भोकाची रुंदी आणि दोन भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिही, कारण वेताची जाडी त्यावर ठरते. मी सुतारकाकांना विचारून कुठला वेत मागवायचा ते लगेच कळवते.

तुझीच,
पुण्याची मैत्रीण