मुंबई ते नागपूर

गेल्या मार्गशीर्षांत मातोश्रींच्या आजाराचें वर्तमान आलें आणि मीं दुपारच्या विमानानें नागपूर गांठण्याचें ठरविलें. मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगांव विमानतळापर्यंतचें सरळ अंतर सुमारें 680 किलोमीटर. आगगाडीची वाट 840 च्या घरांतली. ताशीं 800 किलोमीटर वेगाच्या विमानास वास्तविक तासाहून कमी वेळ पुरावा. पण वेळापत्रकांत जवळजवळ दीड तास लिहिलेला असतो. धावपट्टीकडे सरकणें, वर चढणें, मंदावत खालीं उतरणें, यांत उरलेला काळ जातो. शिवाय डोंबिवलीहून विमानतळ दोन तासांवर, आणि तेथें दोन तास आधीं हजर! आईच्या उशाशीं पोहोंचेपर्यंत सहा तास सहज होणार.

घड्याळ दोन्हीं गांवीं एकच. परंतु नागपूर सहा अंशांहून अधिक पूर्वेस असल्यामुळें या दिवसांत तेथें सूर्य जवळजवळ अर्धा तास आधीं मावळतो. मुंबईस ऊन सोडलें होतें. सोनेगांवीं उतरलों तेव्हां दिवे लागले होते.

याच नागपुरांत 1949 पासून कित्येक वर्षें मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथील विमानें मध्यरात्रीं एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. वडील तेव्हां मुंबईस नोकरीला होते.

आईनें डोळे उघडले. मीं किती वेळांत आलों तें सांगूं लागलों.

“त्यांचें पत्र एका रात्रींत यायचें रे,” ती म्हणाली, “तुला दोन वर्षें लागलीं.”